आर्क्टिक शिकाऱ्यांच्या घरांतली हाडं: अभ्याससंचाच्या कामाच्या नोंदी

२ जून

संच कशासाठी, ते आधी ठरवून घेतलं. पुरातत्त्व शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे हाडांचा ट्रे ठेवला की पहिला प्रश्न येतो, कुठला प्राणी? लगेच दुसरा येतो, म्हणजे ही माणसं काय खात होती? या दोन प्रश्नांच्या मधला टप्पा मात्र बहुतेक वेळा राहून जातो. हे हाड याच जागी, याच अवस्थेत कसं पोचलं? शिकार कुठे झाली, फाडणी कुठे झाली, वाटे कुणाकुणाला गेले, कुत्र्यांनी काय पळवलं, घर झाडताना काय बाहेर गेलं आणि पुढच्या हजारो वर्षांत मातीनं काय टिकू दिलं? संचातलं प्रत्येक कार्ड याच प्रश्नाला धरून बांधायचं.

मुख्य उदाहरण म्हणून पश्चिम ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरातलं केकेर्तासुस्सुक हे छोटं बेट निवडलं. साक्काक संस्कृतीची, म्हणजे ग्रीनलंडच्या अगदी सुरुवातीच्या शिकाऱ्यांची, ही वस्ती साधारण इसवी सनापूर्वी २४०० पासून हजारभर वर्षं वापरात होती. बियार्न ग्रोनो आणि मॉर्टेन मेल्डगार्ड यांनी १९८० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. थर कायम गोठलेले असल्यामुळे हाडांबरोबर लाकडी दांडे, कातडं, देवमाशाच्या जबड्यातल्या बलीनच्या पट्ट्या, पिसं आणि माणसाचे केसही टिकले. त्याच केसांवरून २०१० मध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. हाडांचा अभ्यास शिकवायला अशी जागा उत्तम, कारण इथे मातीनं फार थोडं गाळलं आहे. जे हाड सापडत नाही, त्याचं कारण बहुधा माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या वागण्यात शोधता येतं.

दख्खनच्या काळ्या मातीत असं नसतं. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि हाडं वरखाली सरकवते. शिवाय हाडांवर चुन्याचा थर चढतो आणि त्याखाली कापल्याच्या खुणा झाकल्या जातात. आपल्याकडच्या ट्रेवर शिकलेल्या विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच कार्डावर सांगायचा.

४ जून

नोंद-तक्ता पक्का केला. एका हाडाला एक ओळ. रकाने असे: चौकोन आणि थर, प्राणी, हाडाचं नाव, डावं की उजवं, कुठला भाग शिल्लक (वरचं टोक, मधली नळी, खालचं टोक), टोक नळीशी जुळलेलं की सुटं (त्यावरून वय कळतं), कापल्याच्या खुणा, फोडल्याच्या खुणा, दाताच्या खुणा, जळण्याचा रंग, कमाल लांबी मिलिमीटरमध्ये.

‘सस्तन प्राणी, ओळख पटत नाही’ हा रकाना मोठा ठेवला आणि त्याचे आकारानुसार तीन गट केले: कोल्ह्याएवढा, लहान सीलएवढा, रेनडिअर किंवा त्याहून मोठा. ओळख न पटलेला तुकडा फेकून दिला की मज्जेसाठी किंवा चरबी काढण्यासाठी केलेल्या फोडणीचा पुरावाच जातो. तिथली माहिती बारीक तुकड्यांतच असते.

चाळणीबद्दल स्वतंत्र टीप लिहिली. ६ मिलिमीटरच्या जाळीत मोठ्या कॉडचे मणके अडकतात, पण लहान माशांची आणि लहान समुद्रपक्ष्यांची हाडं निसटतात. पाण्यानं धुऊन २ मिलिमीटरची चाळणी हवी. गोठलेल्या थराला मात्र पाण्याचा जोर लावला तर पिसं आणि केस तुटतात. म्हणून निवडक चौकोनांतली माती अखंड ठोकळ्यांत कापून प्रयोगशाळेत न्यायची. गोठलेली जमीन करणीनं खणता येत नाही. उन्हात काही सेंटिमीटर वितळली की तेवढीच उचलायची आणि साचलेलं पाणी काढत राहायचं. हाड बाहेर आलं की ओलसर आणि थंड ठेवून हळूहळू वाळवायचं. उन्हात टाकलं तर पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो आणि खुणा त्याच्याबरोबर जातात.

९ जून

सीलचं कार्ड. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

डिस्को उपसागरात प्रामुख्यानं दोन सील कामाचे: रिंग्ड सील आणि हार्प सील. रिंग्ड सील लहान, साधारण सव्वा ते दीड मीटर. ती वर्षभर तिथेच राहते आणि बर्फाला खालून श्वासाची भोकं राखते. हार्प सील मोठी आणि स्थलांतर करणारी. पिल्लं हिवाळ्याच्या शेवटी न्यूफाउंडलंडच्या बाजूला बर्फावर जन्मतात आणि कळप उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. केकेर्तासुस्सुकच्या हाडांत हार्प सीलचा वाटा मोठा आहे. ही माणसं मोकळ्या पाण्यात, होडीतून, हार्पून घेऊन शिकार करत होती. होडीच्या सांगाड्याचे लाकडी भागही तिथे मिळाले आहेत.

अडचण अशी की या दोन सीलची बरीचशी हाडं एकमेकींसारखी दिसतात. खात्री देणारे भाग ठरावीक आहेत: कानाजवळचं टणक हाड, खालचा जबडा, दंडाचं हाड, मांडीचं हाड. बरगड्या, मणके आणि बोटांची हाडं ‘लहान सील’ एवढ्यावरच थांबवायची. लहान रिंग्ड सील आणि कोवळी हार्प सील आकारानं सारख्या पडतात, त्यामुळे केवळ मापावरून जात ठरवली की तरुण हार्प सीलची संख्या कमी होते आणि ऋतूचा निष्कर्ष उलटा निघतो. ही चूक ओळखायला सोपी आहे. जबड्यांत हार्प सील भरपूर आणि बाकी सांगाड्यात रिंग्ड सील भरपूर दिसत असेल, तर गोंधळ ओळख पटवणाऱ्याचा आहे.

सीलचं मांडीचं हाड इतकं आखूड आणि चपटं असतं की शेळीच्या हाडांवर हात बसलेल्याला ते मांडीचं वाटतच नाही. प्रत्यक्ष नमुने नसल्यामुळे आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीत घडलेल्या ‘व्हर्च्युअल झूआर्किऑलॉजी ऑफ द आर्क्टिक प्रोजेक्ट’च्या त्रिमितीय प्रतिमा वापरायचं ठरलं. पडद्यावर आकार कळतो, पण माप डोळ्यात भरत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिमेशेजारी त्याच प्रमाणात शेळीचं तेच हाड दाखवायचं.

१४ जून

मोजणी. तीन आकडे, तिघांचं काम वेगळं.

पहिला, ओळखलेल्या तुकड्यांची संख्या. सोपा, पण एकाच हाडाचे दहा तुकडे झाले की फुगतो. दुसरा, किमान प्राणीसंख्या: एवढी हाडं यायला कमीत कमी किती प्राणी लागले असतील. तिसरा, प्रत्येक अवयव सांगाड्यात किती वेळा असतो त्यानं भागून येणारा आकडा. विद्यार्थ्यांसाठी एक कल्पित उदाहरण केलं. सीलची ८ डावी आणि ६ उजवी दंडाची हाडं आली. किमान प्राणी ८. दंडाची हाडं एका सीलला २, म्हणून १४ भागिले २ म्हणजे ७. बोटांची हाडं ११२ आली. आकडा मोठा दिसतो, पण एका सीलला चारही परांत (वल्ह्यांसारख्या हातापायांत) मिळून ५६ असतात, म्हणजे भागाकार फक्त २. सात सीलच्या हातांबरोबर दोनच सीलचे पंजे. मग उरलेले कुठे गेले?

इथे चार शक्यता लिहिल्या आणि प्रत्येकीची चाचणीही. जाळी मोठी होती का? मग लहान माशांची आणि पक्ष्यांची हाडंही कमी दिसतील. कुत्र्यांनी खाल्ली का? मग दंडाच्या हाडांची वरची मऊ टोकं कुरतडलेली असतील. पर कातड्याबरोबर दुसरीकडे नेले का? मग मनगटा-घोट्याजवळ गोल फिरवलेल्या कापाच्या खुणा मिळतील. की वाटणीत दुसऱ्या घरी गेले? मग शेजारच्या घरात पर जास्त आणि दंड कमी असे आकडे येतील. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या नेत्सिलिक इन्युइटांमध्ये सीलचे ठरावीक वाटे ठरावीक जोडीदारांना जात, आणि ही जोडी वर्षानुवर्षं टिकत असे. त्यामुळे एका घराच्या उकिरड्यावरून त्या घराचं ताट काढणं धोक्याचं. किमान दोन-तीन घरं शेजारी ठेवून वाचावीत.

रेनडिअरचं गणित सीलहून वेगळं आहे. लहान सील अख्खी ओढत घरी आणता येते, म्हणून सगळे अवयव घरी मिळतात. रेनडिअर आत लांब डोंगरात मारलं तर डोकं आणि पायांचे खालचे भाग बहुधा तिथेच राहतात आणि मांसल भाग घरी येतात. पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी अलास्कातल्या अनाक्तुवुक पास इथे नुनामिउट शिकाऱ्यांबरोबर राहून कुठल्या भागात किती मांस, मज्जा आणि चरबी मिळते याची मापं घेतली आणि त्यावरून उपयोगाची क्रमवारी लावली. सीलसाठी वेगळी क्रमवारी पुढे १९९२ मध्ये आली. रेनडिअरची क्रमवारी सीलला लावू नये. सीलमध्ये जाड चरबी कातडीखाली असते, आणि ती हाडाबरोबर जात नाही.

२० जून

शेळीच्या हाडांवरचा प्रयोग. संचातला हा एकमेव भाग आहे जो विद्यार्थी स्वतःच्या हातानं करतील, म्हणून पद्धत सविस्तर.

सामान: शेळीचे पुढचे दोन आणि मागचे दोन पाय, खुरासकट. खाटकाला आधी सांगायचं की सुऱ्यानं तोडू नका, अख्खे द्या. नाहीतर सवयीनं नळीचे तुकडे होऊन येतात. कॅल्सेडनीचे दगड पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांत मिळतात. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत ते तयार झाले आहेत. डिस्को बेटही ज्वालामुखीच्या बेसाल्टचंच आहे, आणि साक्काक लोकांनी तिथलं अ‍ॅगेट आणि कॅल्सेडनी वापरलं. त्यांचा मुख्य दगड मात्र किलिआक, गारेसारखा कठीण झालेला स्लेट. तो आपल्याकडे नाही, म्हणून कापण्याच्या खुणांची तुलना फक्त कॅल्सेडनीपुरती धरायची. शिवाय एक स्टीलची सुरी, एक गोटा, एक सपाट दगड, डोळ्यांना चष्मा आणि जाड हातमोजे.

क्रम: पहिला पाय दगडी पात्यानं सांध्यांवर सोडवायचा. दुसऱ्यावरून त्याच पात्यानं मांस उतरवायचं. तिसऱ्यावर दोन्ही कामं सुरीनं. चौथा तसाच ठेवायचा. मग पहिले तीन वेगवेगळ्या भांड्यांत मंद आचेवर, ७० ते ८० अंशांवर ठेवायचे. खळखळून उकळलं तर कोवळी टोकं सुटतात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. चरबी काढायला पाण्यात थोडी एन्झाइमवाली धुण्याची पावडर चालते. ब्लीच मात्र कधीही नको, त्यानं हाड आतून कमकुवत होतं.

वाळल्यावर १० ते २० पट भिंगाखाली, प्रकाश एका बाजूनं तिरका टाकून पाहायचं. सुरीची खूण बारीक, खोल आणि स्वच्छ. दगडाची खूण रुंद, आणि तिच्या आत एकमेकांना समांतर बारीक रेषा. सांधा सोडवतानाच्या खुणा टोकांजवळ आडव्या येतात. मांस उतरवतानाच्या मधल्या नळीवर तिरक्या किंवा लांबट. प्रत्येक खूण शेळीच्या छापील आकृतीवर लाल पेनानं चितारायची. बऱ्याच सफाईदार हातांची खूण हाडावर उमटतच नाही, आणि हा या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे: खूण नाही म्हणजे कापलं नाही, असं नव्हे.

२१ जून

नळी फोडणे. चौथा पाय स्वच्छ करण्याआधीच घ्यायचा. वरचा पातळ पडदा खरवडून नळी सपाट दगडावर आडवी ठेवून मध्यभागी गोट्यानं मारायची. ताज्या हाडाची कड नागमोडी आणि गुळगुळीत फुटते. घाव पडला तिथे अर्धगोल खाच, आणि त्याच्या आतल्या बाजूनं एक चपटा छिलका निघतो. महिनोन्‌महिने वाळलेली नळी आडवी, सरळ, खरबरीत तुटते. फ्रीजरमध्ये पूर्ण गोठवलेली नळी यांच्या मध्ये कुठेतरी बसते: कड नागमोडी, पण जागोजागी पायऱ्या. आर्क्टिकमध्ये हिवाळी साठ्यातलं मांस गोठलेलंच फोडलं गेलं असेल. ते ‘जुनं हाड तुटलं’ या रकान्यात जाऊ नये म्हणून हा तिसरा नमुना आवश्यक.

हा प्रयोग रेनडिअरपुरताच वाचायचा, असं कार्डावर ठळक लिहिलं. सीलच्या लांब हाडांत मज्जेची मोकळी पोकळी नसते, आत स्पंजासारखं हाड भरलेलं असतं. त्यामुळे सीलचं हाड मज्जेसाठी फोडण्यात अर्थ नाही. एकाच उकिरड्यात रेनडिअरची प्रत्येक नळी फोडलेली आणि सीलची दंडाची हाडं जवळजवळ अख्खी दिसली, तर तो फरक स्वयंपाकाच्या हिशेबाचा आहे. सीलची हाडं फुटलेली दिसलीच, तर कुत्रे, पायाखाली तुडवणं किंवा इंधन म्हणून जाळणं यांकडे पाहायचं. चरबीनं माखलेलं हाड चांगलं जळतं, आणि झाडं नसलेल्या प्रदेशात समुद्रानं आणलेल्या लाकडाला त्याची जोड लागते. जळालेलं हाड आधी काळं, मग राखाडी आणि जास्त तापमानावर पांढरं होतं. रंग नोंदवताना आत-बाहेर दोन्ही पाहायचे, कारण बाहेर पांढरं आणि आत काळं असा तुकडा थोडा वेळच आगीत होता.

२८ जून

ऋतू. तीन पुरावे एकमेकांवर तपासायचे.

एक, कुठला प्राणी कधी तिथे असतो. हार्प सील म्हणजे बर्फ फुटल्यानंतरचा काळ. पण रिंग्ड सील आहे म्हणून हिवाळा ठरत नाही, ती बारमाही. दोन, वय. सीलमध्ये श्रोणीतली मांडीची खोबण पहिल्या वर्षातच जुळते. ती सुटी मिळाली तर पिल्लू काही महिन्यांचं. रिंग्ड सीलची पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात, त्यावरून महिने मोजता येतात. तीन, दातांची वार्षिक वलयं. सुळा राळेत बसवून हिऱ्याच्या पात्यानं पातळ काप काढतात, तो काचेवर घासून आणखी पातळ करतात आणि ध्रुवित प्रकाशात पाहतात. शेवटचं वलय कितपत वाढलं त्यावरून मृत्यूचा ऋतू येतो. मातीत दाताच्या कडेला झालेली झीज शेवटच्या वलयासारखी दिसू शकते, म्हणून एका दातावर कधीच निष्कर्ष नको आणि वाचणाऱ्याला दात कुठल्या थरातला ते माहीत नसावं.

पक्ष्यांत एक छान खूण मिळते. अंडी घालण्याच्या सुमारास मादीच्या लांब हाडांत कवचासाठी लागणारं जादा हाड साठतं. तुटलेल्या हाडात ते दिसलं तर ऋतू अंडी घालण्याचा, म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. अख्खं हाड यासाठी तोडायचं नाही, क्ष-किरण वापरायचे. पक्ष्यांचे पंखच जास्त आले तर जेवणाआधी वस्तूंचा विचार करावा. पंख झाडण्यासाठी वापरत आणि पंखाच्या पोकळ हाडांपासून सुया ठेवायच्या नळ्या करत. केकेर्तासुस्सुकला आता नामशेष झालेल्या ग्रेट ऑक पक्ष्याचीही हाडं आहेत.

५ जुलै

घराचा आराखडा. साक्काक घराच्या मधोमध उभ्या दगडी फरश्यांच्या दोन समांतर ओळी, मध्ये चौकट केलेली चूल, आणि त्या पट्टीनं घराचे दोन भाग. आजूबाजूला तापवून पाण्यात टाकायचे, तडकलेले दगड.

आराखड्यावर हाडं टाकताना आकारानुसार तीन रंग: २ सेंटिमीटरपेक्षा लहान, २ ते ५, त्याहून मोठी. बिनफर्ड यांनी नुनामिउट शेकोट्यांभोवती पाहिलं होतं की बसल्या जागी बारीक तुकडे पडतात आणि मोठी हाडं मागे किंवा पलीकडे फेकली जातात. घरात झाडलोट झाली तर मोठी हाडं दाराबाहेर आणि बारीक तुकडे अंथरलेल्या डहाळ्यांत अडकलेले मिळतात. त्यामुळे घरातल्या कामांबद्दल सगळ्यात विश्वासार्ह साक्ष नखाएवढ्या तुकड्यांची. सुंदर अख्खी कवटी जमिनीवर सापडली तर आमचा पहिला संशय असा, की घर सोडल्यानंतर ती तिथे आली.

१२ जुलै

थुले घरं. साधारण तेराव्या शतकात अलास्काकडून पूर्वेला पसरलेले थुले लोक, म्हणजे आजच्या इन्युइटांचे पूर्वज, बोहेड देवमाशाची शिकार करत. घर अर्धं जमिनीत, खाली उतरणारा प्रवेशबोगदा, मागे झोपायचा उंच ओटा, जमिनीवर फरश्या, आणि छताला देवमाशाचे जबडे व बरगड्या. इथे हाड हेच बांधकामाचं साहित्य. म्हणून देवमाशाची हाडं किमान प्राणीसंख्येत मोजून मांसाचा हिशेब करणं चुकीचं. मांस आणि चरबी हाडाशिवायच घरी येते. हाड आलं ते घर बांधायला. अ‍ॅलन मॅककार्टनी आणि जेम्स सॅव्हेल यांनी मध्य कॅनेडियन आर्क्टिकमधल्या घरांतली हाडं मोजून दाखवलं की प्राणी बहुतांश लहान वयाचे होते. ताकदीनं आवरता येतील आणि किनाऱ्यावर ओढता येतील असे.

दोन सापळे. सोडलेल्या घराचं छत पुढचे लोक उचकटून नेतात, त्यामुळे जबडे नाहीत म्हणजे नव्हतेच असं होत नाही. आणि सोडलेला खड्डा शेजाऱ्यांचा उकिरडा होतो. ढासळलेल्या छताच्या वरची हाडं शेजाऱ्यांची, फरशीला चिकटलेली घरच्यांची. तक्त्यात ‘छताखाली / छतावर’ असा एक रकाना वाढवला.

१६ जुलै

नॉर्वेतल्या वरांगर फ्योर्डची ग्रेसबाकन घरं (अश्मयुगाच्या शेवटच्या काळातली) थोडक्यात घेतली. तिथे गोठलेली जमीन नाही. हाडं टिकली ती दाराशेजारच्या उकिरड्यातल्या शिंपल्यांच्या चुन्यामुळे. शिंपले संपतात तिथे हाडंही संपतात. तेव्हा हाडांच्या नकाशावर शिंपल्यांचा नकाशा आधी अंथरायचा.

२२ जुलै

कालमापनाचं कार्ड. सीलचं किंवा देवमाशाचं हाड कार्बन-१४ साठी दिलं तर वय साधारण ४०० वर्षांनी, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, जुनं येतं, कारण समुद्रात खोलवरचा जुना कार्बन मिसळत असतो. जिथे मिळेल तिथे रेनडिअरचं हाड किंवा स्थानिक झुडपाची डहाळी द्यावी. वाहून आलेलं लाकूडही टाळावं. ते सायबेरियातून बर्फाबरोबर आलेलं, आणि वापरण्याआधी किनाऱ्यावर किती वर्षं पडून होतं हे त्यात दिसत नाही. कुत्र्याचं हाड जमिनीवरच्या प्राण्याचं असलं तरी कुत्रा सील खातो, तेव्हा तेही याच दोषाचं.

३० जुलै

शेवटचं कार्ड: हाडाशिवायचा प्राणी. २०१६ मध्ये ग्रीनलंडच्या उकिरड्यांतल्या मातीतून डीएनए काढला गेला आणि साक्काक थरांत बोहेड देवमाशाचा मोठा अंश मिळाला, जिथे त्याची हाडं अगदीच थोडी आहेत. मांस-चरबी किनाऱ्यावर कापून आणली आणि सांगाडा तिथेच राहिला, हे वाचन थुले कार्डातल्या मुद्द्याशी जुळतं. इथे शिकार की वाहून आलेला मेलेला प्राणी, हे माती सांगत नाही. दोन्ही शक्यता कार्डावर ठेवल्या.

इलुलिस्सातजवळच्या कायाया इथल्या गोठलेल्या उकिरड्याची टीप जोडली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संशोधकांनी दाखवलं आहे की सेंद्रिय थर वितळला की जिवाणू कामाला लागतात, त्यांच्या चयापचयातून उष्णता निघते आणि वितळणं आणखी वाढतं. आधी केस, कातडं आणि पिसं जातात. हाडांचे पृष्ठभाग त्यानंतर. म्हणून नव्यानं उघडलेल्या प्रत्येक थरातून मातीचे नमुने पहिल्या दिवशीच, हाडं मोजायच्या आधी, गोठवून ठेवायचे, ही सूचना नोंद-तक्त्याच्या पहिल्या ओळीत घातली.

बाकी काम: ‘गोठलेली नळी’ या नमुन्याचे तिरक्या प्रकाशातले फोटो, सीलच्या परांची ५६ हाडांची आकृती, आणि घराच्या आराखड्याची मोठी छपाई, १ सेंटिमीटरला २० सेंटिमीटर या प्रमाणात.